नीरेचा कालवा आणि आयनांचा प्रवाह

बारामती-इंदापूरकडील शेतकऱ्यास पाण्याचा हिशेब कोणी शिकवावा लागत नाहीं. १८७६-७७ च्या दुष्काळानें होरपळलेल्या या भागांत पुढील दशकांत नीरेचा डावा कालवा आला. आणि धरणांत पाणी किती सांठलें याहून तें आपल्या शेतापर्यंत किती पोंचलें, हा प्रश्न मोठा आहे हें येथील लोकांस लवकरच उमगलें. वाटेंत जिरलेलें पाणी धरणाच्या खात्यावर जमा दिसतें, पण उंसाच्या मुळाशीं तें नसतें. हा साधा हिशेब आम्हांस आठवण्याचें कारण एका अगदीं निराळ्या प्रवाहाचा इतिहास होय.

सूर्यामध्यें हायड्रोजनच्या अणुगर्भांचें संमीलन होऊन ऊर्जा प्रकट होते. ही क्रिया वीस वर्षांच्या आंत मनुष्याच्या ताब्यांत येईल, असें भाकीत डॉ. होमी भाभा यांनीं १९५५ सालीं जिनीव्हा येथील अणुशक्ति-परिषदेच्या अध्यक्षपदावरून केलें. आम्हीं तें वर्गांत अनेकदां अभिमानानें सांगितलें आहे. मात्र मुदत टळून गेली हें सांगतांना आमचा आवाज किंचित् खालीं येत असे.

ती मुदत संपण्याच्या सुमारासच अमेरिकेंत एक नवा विचार पुढें आला. ब्रुकहेवन प्रयोगशाळेचे मॅश्की व आर्गोन प्रयोगशाळेचे मार्टिन हे दोघेही कणवेगवर्धक यंत्रांचे जाणकार. हायड्रोजनचीं जड भावंडें, म्हणजे ड्यूटेरियम व ट्रिटियम, एका चिमुकल्या गोळींत भरून तिजवर चहूंकडून अकस्मात् मारा करावयाचा, म्हणजे ती आंत दबते आणि स्वतःच्या जडत्वामुळें विखुरण्यास जो निमिष लागतो तेवढ्यांत संमीलन उरकतें, ही कल्पना तोंवर रूढ झाली होती. हा मारा लेसरच्या प्रकाशाऐवजीं जड आयनांनीं करावा, असें या दोघांनीं सुचविलें. १९७६ च्या उन्हाळ्यांत कॅलिफोर्नियांत शास्त्रज्ञांनीं एकत्र बसून या सूचनेचा कसून विचार केला.

जड आयनच कां, असें वाचक विचारतील. प्रोटॉन हा हलका कण वेगानें सोडला तर गोळी भेदून पार जातो. मंद सोडला तर पुरेशी ऊर्जा पोंचविण्यास अतोनात विद्युत्प्रवाह लागतो. उलट बिस्मथचा आयन १० अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा घेऊन आला तरी मिलिमीटरच्या अंशांतच थांबतो. परंतु एकाच विद्युत्भाराचे आयन परस्परांस दूर लोटतात. आणि येथें तर ते कित्येक किलोमीटर धांवडवून अखेरीस एका सेकंदाच्या सुमारें दहाकोटाव्या भागांत, कांहीं मिलिमीटरांच्या लक्ष्यावर एकवटावयाचे! यासाठीं दोन पंथ निघाले. १९८१ च्या 'हायबॉल' आराखड्यांत जर्मन व अमेरिकन मंडळींनीं आयन वर्तुळाकार कड्यांत सांठवून मग एकदम सोडण्याचें ठरविलें. हा जणूं धरणाचा मार्ग. बर्कलेच्या मंडळींनीं सरळ रेषेंतील यंत्रांत मागच्या आयनांस अधिक वेग देऊन त्यांस वाटेंतच पुढच्यांजवळ आणण्याचा मार्ग धरला.

आतां हिशेबाकडे वळूं. ५ डिसेंबर २०२२ रोजीं अमेरिकेंतील लिव्हरमोर येथें लेसरनें २.०५ मेगाजूल ऊर्जा लक्ष्यास दिली व संमीलनानें ३.१५ मेगाजूल परत केली. वृत्तपत्रांनीं जयघोष केला, आणि तो अस्थानीं नव्हता. तथापि त्या एका माऱ्यासाठीं वीजवाहिनींतून सुमारें ३०० मेगाजूल खर्चिले होते. वेगवर्धकाचे पुरस्कर्ते म्हणत आले कीं आमचें यंत्र घेतलेल्या विजेपैकीं शेंकडा २० ते ३० भाग आयनांच्या झोतांत उतरवील, आणि सेकंदास अनेक मारे करील. पण असें पूर्ण यंत्र आजवर कोठेंही उभें राहिलेलें नाहीं. तो आंकडा कागदावरचाच आहे. खर्चाचा डोंगर पाहून द्रव्य देणाऱ्यांनीं हात आंखडता घेतला.

आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९८८ पासून १४० लक्ष व्होल्टचें पेलेट्रॉन यंत्र जड आयनांस वेग देत आलें, व २००७ सालीं त्यास अतिसंवाहक जोडयंत्राची साथ मिळाली. त्याचा झोत अणुगर्भाच्या अभ्यासापुरता, अत्यंत क्षीण. वीज निर्माण करणें हा त्याचा हेतूच नव्हे. परंतु आयन हांकण्याची विद्या अशाच ठिकाणीं हातीं बसते. आणि इंदापूर तालुक्यांतील वालचंदनगरनें साखर-कारखान्यांच्या यंत्रांपासून अणुवीजकेंद्रांच्या अवजड सामग्रीपर्यंत मजल मारली, हें पाहिलें म्हणजे अशा यंत्रांचे सांगाडे घडविणारे हात आपल्या प्रांतांत नाहींत, असें म्हणवत नाहीं.

भाभांची मुदत चुकली, यांत आम्हांस आतां लाज वाटत नाहीं. खेद वाटतो तो इतकाच कीं आम्हीं विद्यार्थ्यांस ठिणगी कधीं पडेल एवढेंच सांगितलें. ती पाडण्यास किती वेंचावें लागेल, हें विचारावयास शिकविलें नाहीं. पुढें पुन्हां असा जयघोष कानीं येईल, तेव्हां आपल्या मुलांनीं तो आनंदानें ऐकावा, आणि मग कालव्याच्या शेवटच्या टोकास बसलेला शेतकरी जें विचारतो तेंच विचारावें: सोडलें किती, आणि पोंचलें किती?