सेटी (आसन)

सेटी हे दोन किंवा अधिक व्यक्तींना शेजारी-शेजारी बसता येईल असे, पाठ असलेले आणि बहुधा दोन्ही टोकांना हात असलेले आसन होय. खुर्चीहून ते रुंद व सोफ्याहून आटोपशीर असते. सोफ्यावर रेलून बसावे आणि सेटीवर ताठ बसावे, हा दोहोंमधील मूळ भेद. आजच्या व्यापारात तो फारसा पाळला जात नाही. मराठी घरांत तर या साऱ्यांनाच सरसकट ‘कोच’ म्हटले जाते. जुन्या सेटी संग्राहकांप्रमाणेच सामान्य कुटुंबेही घरातील वापरासाठी विकत घेतात. त्यामुळे त्यांचे वय आणि अस्सलपणा कसा ओळखावा, हा या विषयातील सर्वांत महत्त्वाचा भाग ठरतो.

इतिहास

सेटीचा पूर्वज म्हणजे इंग्लंडमधील ‘सेटल’ हा उंच पाठीचा जड लाकडी बाक. सतराव्या शतकात त्यावर गादीकाम होऊ लागले आणि आसन हलके झाले. केंट परगण्यातील नोल या वाड्यात त्या शतकातील एक प्रसिद्ध सेटी आहे. तिच्या उंच बाजू खाली पाडता येतात व त्या पाठीला दोरीने बांधलेल्या असतात. या घडणीला आजही ‘नोल’ हेच नाव आहे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात दोन किंवा तीन खुर्च्यांच्या पाठी जोडल्यासारखी दिसणारी सेटी लोकप्रिय झाली. अक्रोडाची जागा महोगनीने घेतली ती याच काळात. टॉमस चिपेंडेल याचा नमुनाग्रंथ १७५४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि हेपलव्हाइटचा १७८८ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर. या ग्रंथांतील आकृत्या पाहून गावोगावचे सुतार काम करीत. म्हणूनच ‘चिपेंडेल सेटी’ याचा अर्थ बहुतेक वेळा चिपेंडेलच्या धर्तीची सेटी एवढाच असतो, त्याच्या कारखान्यातली नव्हे. फ्रान्समध्ये याच आसनाला ‘कानापे’ म्हणत. एकोणिसाव्या शतकात मिखाएल टोनेट याने वाफेवर वाकवलेल्या बीच लाकडाच्या खुर्च्यांबरोबर सेटीही बाजारात आणल्या. मुंबईच्या इराणी हॉटेलांतील खुर्च्या याच घडणीच्या असल्याने ती मराठी वाचकांच्या डोळ्यांपुढे सहज येईल.

भारतातील सेटी

महाराष्ट्रातील वाड्यांत बसण्याची रीत गादी, लोड आणि तक्क्यांच्या बैठकीची होती. पाठीचे उंच आसन येथे आले ते युरोपीय वसाहतींमधून. गोव्यातील जुन्या घरांच्या दिवाणखान्यांत वेताने विणलेल्या, कोरीव पाठीच्या लांब सेटी आजही दिसतात. चांदर येथील ब्रागांझा घराण्याचे घर अशा सामानासाठी प्रसिद्ध आहे. मुंबईत एकोणिसाव्या शतकात शिसवी लाकडाच्या, दाट जाळीदार कोरीवकामाच्या सामानाची स्वतंत्र परंपरा निर्माण झाली. घाट युरोपीय, लाकूड आणि हात इथले, असे तिचे स्वरूप होते. पारशी कुटुंबांत या सामानाला मोठी मागणी होती. या सेटी देखण्या असतात, मात्र पाठीवरचे कोरीवकाम टोचत असल्याने त्या फार वेळ बसण्यास सोयीच्या नाहीत.

पुरातन आणि जुने

व्यापारात साधारणपणे १०० वर्षांहून जुन्या वस्तूला पुरातन म्हणतात. त्याहून अलीकडच्या, पण स्वतःच्या काळाची छाप असलेल्या वस्तूला ‘व्हिंटेज’ म्हटले जाते. या दुसऱ्या शब्दाला कायद्यात निश्चित व्याख्या नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून इंग्लंडमध्ये आधीच्या शतकातील नमुन्यांच्या उत्तम प्रतिकृती होत होत्या. त्यांतील अनेकींना आता स्वतःचीच शंभरी उलटून गेली आहे. अशी सेटी प्रतिकृती म्हणून विकली जात असेल तर ती उत्तम खरेदी ठरू शकते. फसवणूक होते ती शतक बदलून सांगण्यात. अलीकडे जोधपूर परिसरातही जुन्या घाटाचे नवे सामान मोठ्या प्रमाणावर बनते व त्याला मुद्दाम झिजल्यासारखे रूप दिले जाते.

परीक्षण

सेटी पाहताना कापड आणि पॉलिश यांकडे सर्वांत शेवटी पाहावे, असा जाणकारांचा संकेत आहे. ती उलटी करून खालची बाजू पाहिली की बरेच काही समजते. न दिसणाऱ्या भागाला जुने सुतार पॉलिश करीत नसत. तेथील लाकूड कोरडे, निस्तेज आणि एकसारखे नसलेल्या रंगाचे असते. खालूनही सर्वत्र सारखाच गडद रंग फासलेला असेल, तर तो काहीतरी झाकण्यासाठी असण्याची शक्यता अधिक. हातकरवतीच्या खुणा सरळ रेषेत असतात, यंत्राच्या गोल करवतीच्या कमानदार. अशा कमानी असलेली सेटी अठराव्या शतकातील सांगितली जात असेल तर ते मानू नये. स्क्रूंवरूनही काळ कळतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापूर्वीच्या स्क्रूंची टोके बोथट आणि खाचा किंचित एका बाजूला सरकलेल्या असत. अधिकचिन्हाच्या आकाराची खाच असलेला स्क्रू १९३० च्या दशकानंतरचा. अर्थात एखादा स्क्रू दुरुस्तीत बदललेला असू शकतो, म्हणून एकाच खुणेवर निर्णय देता येत नाही.

बैठकीच्या चौकटीवरील खिळ्यांची भोके हा सर्वांत बोलका पुरावा होय. दर वेळी गादी नव्याने बांधली की चुकांची एक नवी रांग पडते. दीडशे-दोनशे वर्षे वापरात असलेल्या चौकटीवर अशा भोकांची दाटी झालेली असते. तेथे एकच स्वच्छ रांग दिसली, तर एक तर चौकट नवी आहे किंवा ती पट्टी बदललेली आहे.

दोन खुर्च्या जोडून एक सेटी करण्याची लबाडी जुनी आहे, कारण एकट्या खुर्च्यांपेक्षा सेटीला अधिक किंमत येते. अस्सल सेटीत बैठकीची पुढची पट्टी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग लाकडाची असते. जोडकामात ती मध्ये सांधलेली आढळते. मागचे पाय व पाठीचे उभे दांडे बहुतेक घडणींत एकाच लाकडाचे असतात. बैठकीजवळ तेथे सांधा दिसला तर पाय बदललेले आहेत.

झीज जेथे हात-पाय पोचतात तेथेच असायला हवी, म्हणजे हातांच्या टोकांवर, पायांच्या तळाशी आणि पुढच्या आडव्या पट्टीवर. जेथे कोणाचा स्पर्शच होत नाही अशा कोपऱ्यातील गुळगुळीतपणा संशयास्पद असतो. किड्यांची भोके बाहेरून लहान आणि गोल दिसतात. पृष्ठभागावर किड्यांचे आडवे उघडे मार्ग दिसत असतील, तर जुने पोखरलेले लाकूड पुन्हा कापून वापरले आहे असे समजावे. भोकांतून ताजी फिकट पूड झडत असेल तर कीड जिवंत आहे, आणि अशी सेटी उपचाराविना घरात आणल्यास इतर लाकूडकामही धोक्यात येते.

गादी, वेत आणि सरस

जुन्या गादीकामात नवारीच्या पट्ट्या, घोड्याचे केस, काथ्या यांचा वापर होई. स्प्रिंगा एकोणिसाव्या शतकात आल्या आणि त्यामुळे बैठका जाड झाल्या. फोम विसाव्या शतकातला. हाताने विणलेल्या वेतासाठी चौकटीत ओळीने भोके असतात. यंत्रावर विणलेली वेताची जाळी मात्र खोबणीत दाबून बसवतात. भोकांची चौकट दुरुस्त करता येते, पण विणकर मिळायला हवा. अंध व्यक्तींना खुर्च्या विणण्याचे शिक्षण देणाऱ्या संस्थांतून हे कौशल्य भारतात काही प्रमाणात टिकून आहे.

जुने सांधे सरसाने जोडलेले असत. ऊब आणि ओलावा दिला की सरस सुटतो, म्हणून असा सांधा लाकडाला इजा न करता उघडून पुन्हा बसवता येतो. आधुनिक रासायनिक गोंदाने चिकटवलेला सांधा पुढे उघडायचा झाल्यास लाकूडच फुटते. पॉलिश खरवडून सेटी ‘नव्यासारखी’ करणे हे तर सर्वांत मोठे नुकसान: शंभर वर्षांत लाकडावर चढलेला रंग तासाभरात जातो, तो परत आणता येत नाही, आणि किंमतही उतरते. सैल सांधा, फाटलेला वेत किंवा फाटके कापड ही भीतीची कारणे नव्हेत. मोडून बदललेला पाय किंवा हरवलेले कोरीवकाम यांची भरपाई कठीण असते.

घरातील वापर

सरसाचा जो गुण दुरुस्तीला उपयोगी, तोच कोकण आणि मुंबईच्या दमट हवेत अडचणीचा ठरतो. पातळ पापुद्रा चिकटवून सजवलेल्या युरोपीय सेटी पावसाळ्यात फुगतात, पापुद्रे सुटतात. भरीव सागवान किंवा शिसवीची वेताची सेटी या हवेला अधिक टिकते आणि उन्हाळ्यात अंगालाही सुखावते. दोघांच्या सेटीची रुंदी साधारण १२० सेंटिमीटरच्या आसपास असते. बहुतेक जुन्या सेटी सुट्या होत नाहीत. त्यामुळे खोलीइतकेच जिन्याचे वळण आणि लिफ्टचे दार मोजणे आवश्यक असते.

कायदेशीर बाजू

भारतात पुरावशेष आणि कलासंपत्ती अधिनियम, १९७२ नुसार किमान १०० वर्षे जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावशेष ठरते. तिचा व्यापार करण्यास परवाना लागतो आणि खाजगी व्यक्तीला ती परदेशी नेता येत नाही. शिसवीसह डालबर्जिया प्रजातीची झाडे २०१७ पासून वन्यजीव व्यापारविषयक आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. त्यामुळे शंभरी न गाठलेली शिसवी सेटीही परदेशी नेण्यापूर्वी परवानगीची चौकशी करावी लागते. परदेशस्थ आप्तांसाठी वडिलोपार्जित सामान पाठवू पाहणाऱ्या कुटुंबांची अडचण बहुधा येथेच होते.