लिनक्स-शिक्षणाची साधने : एक ऐतिहासिक आढावा (विशेष संदर्भ : अहिल्यानगर जिल्ह्यातील महाविद्यालये)

प्रस्तावना

संगणक हाताळण्याचा दीर्घ अनुभव असलेली व्यक्ती लिनक्सकडे वळते, तेव्हा तिची अडचण नवशिक्याहून वेगळी असते. फाइल म्हणजे काय, हे तिला सांगावे लागत नाही. परंतु 'सी' व 'डी' ड्राइव्हची कल्पना मनात पक्की रुजलेली असल्याने एकाच मुळातून फुटणारी लिनक्सची फाइलरचना तिला परकी वाटते. महाराष्ट्रातील बहुसंख्य वापरकर्त्यांचे संगणक-शिक्षण विंडोजवर झाले. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने संगणकसाक्षरता तालुक्याच्या गावांपर्यंत नेली. मात्र त्याचा भर प्रामुख्याने विंडोज व ऑफिसवर राहिला. या पार्श्वभूमीवर अनुभवी वापरकर्त्यास कोणती साधने उपलब्ध होत गेली आणि त्यांतून निवड कशी करावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. हस्तपुस्तिकेची परंपरा

लिनक्सच्या शिक्षणपद्धतीचे मूळ युनिक्समध्ये आहे. १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत युनिक्सचा आरंभ झाला व नोव्हेंबर १९७१ मध्ये तिची पहिली हस्तपुस्तिका तयार झाली. प्रत्येक आज्ञेस स्वतंत्र पान देण्याची तिची पद्धत आजही लिनक्समधील 'मॅन' या आज्ञेतून टिकून आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जीएनयू प्रकल्प जाहीर केला आणि १९९१ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांनी लिनक्सचे कर्नल प्रसिद्ध केले. या प्रणालीने युनिक्सची रचना व तिची हस्तपुस्तिका-परंपरा दोन्ही स्वीकारल्या.

तथापि ही पाने जाणकाराच्या स्मरणासाठी लिहिलेली आहेत. आज्ञेचे नाव ठाऊक असेल तरच त्यांचा उपयोग होतो. ही उणीव १९९० च्या दशकात लिनक्स डॉक्युमेंटेशन प्रोजेक्टच्या 'हाउ-टू' दस्तऐवजांनी काही अंशी भरून काढली. त्यांची मांडणी आज्ञेनुसार नसून कामानुसार होती. स्वयंसेवकांच्या बळावर चाललेल्या या प्रकल्पातील अनेक दस्तऐवज पुढे अद्ययावत झाले नाहीत, हीही बाब ध्यानात घेणे आवश्यक आहे.

२. सीडी, मासिके व वापरकर्ता गट

भारतात सार्वजनिक इंटरनेट सेवा १९९५ मध्ये सुरू झाली. दूरध्वनीच्या तारेवरून संपूर्ण प्रणाली उतरवून घेणे त्या काळी जवळजवळ अशक्य होते. अशा वेळी 'पीसीक्वेस्ट' मासिकाने १९९६ मध्ये अंकासोबत लिनक्सची सीडी दिली. या उपक्रमामागे अतुल चिटणीस यांचा पुढाकार होता. पुढे उबुंटूच्या सीडीही २०११ पर्यंत टपालाने विनामूल्य मिळत. मोठ्या शहरापासून दूर असलेल्या वाचकासाठी ही सीडी म्हणजे प्रणाली व ग्रंथालय दोन्ही होती.

पुण्यात लिनक्स वापरकर्ता गट व सिंबायोसिस संस्थेच्या सहभागातून 'ग्नूनिफाय' हा वार्षिक उपक्रम सुरू झाला. अशा मेळाव्यांत पुस्तकाबाहेरचे कौशल्य शिकावयास मिळे : त्रुटीसंदेश कसा वाचावा, प्रश्न नेमका कसा विचारावा. हे कौशल्य सहवासातून येत असल्याने जिल्ह्याच्या ठिकाणी ते पोहोचण्यास मर्यादा होत्या.

३. मराठी साधने

राष्ट्रीय शैक्षणिक अभियानाच्या साहाय्याने मुंबईच्या आयआयटीमध्ये प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या नेतृत्वाखाली 'स्पोकन ट्यूटोरियल' प्रकल्प आकारास आला. साधारण दहा मिनिटांचे पाठ, पडद्यावर प्रत्यक्ष कृती व मराठीतून निवेदन, असे त्याचे स्वरूप आहे. पाठ व प्रणाली शेजारी-शेजारी ठेवून विद्यार्थी स्वतः कृती करतो. हे मोलाचे कार्य होय. परंतु पाठ प्रामुख्याने प्रारंभिक स्तराचे असल्याने अनुभवी वापरकर्त्यास पुढील वाटचाल इंग्रजी साधनांच्या आधारेच करावी लागते.

४. निवडीचे निकष

हा प्रश्न केवळ संगणकशास्त्र विभागाचा नाही. ग्रंथालयासाठी 'कोहा' ही मुक्त प्रणाली बसवावयाची झाल्यास ग्रंथपालास डेबियन वा उबुंटूची ओळख करून घ्यावीच लागते. जुन्या आवृत्तीवरील मार्गदर्शन तंतोतंत पाळल्यास तेथे ग्रंथनोंदींचा विदाच धोक्यात येऊ शकतो. म्हणून साधन निवडताना पुढील बाबी पाहाव्यात : ते कोणत्या वितरणासाठी व आवृत्तीसाठी लिहिले आहे; आज्ञेसोबत तिचे कारण दिले आहे काय; आणि ते अधिकृत दस्तऐवजाशी पडताळता येते काय. विल्यम शॉट्स यांचे 'द लिनक्स कमांड लाइन' व 'डेबियन ॲडमिनिस्ट्रेटर्स हँडबुक' ही विनामूल्य उपलब्ध पुस्तके या कसोट्यांवर उतरतात. मात्र त्यांतील आवृत्तीविषयक तपशील प्रचलित आवृत्तीशी ताडून पाहावेत.

निष्कर्ष

प्रारंभी साधनांची दुर्मिळता ही अडचण होती; आता विपुलतेतून निवड करणे ही अडचण आहे. अनुभवी वापरकर्त्याने प्रथम फाइलरचना, परवानग्या व पॅकेज-व्यवस्था या तीन संकल्पना समजून घ्याव्यात आणि मग हस्तपुस्तिकेकडे वळावे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न असलेल्या जिल्ह्यातील महाविद्यालयांनी आपल्या प्रयोगशाळांतील व ग्रंथालयांतील अनुभव मराठीत लिहून ठेवल्यास प्रारंभिक पाठ व इंग्रजी ग्रंथ यांमधील रिकामी जागा भरून निघू शकेल. लिनक्सचा बराचसा दस्तऐवज वापरणाऱ्यांनीच लिहिला आहे. मराठीतील दस्तऐवजासही दुसरा मार्ग नाही.