नामदेवांची उत्तरेतील पदे : कवी एक की दोन?

१/ संत नामदेवांच्या उत्तरायुष्यातील मानल्या जाणाऱ्या हिंदी पदांविषयी अभ्यासकांत जुना मतभेद आहे. मराठी गाथेतला विठ्ठलवेडा कवी आणि शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबातला निर्गुणाचा गायक एकच काय? या वादाचे धागे मराठवाड्याच्या एका छोट्या टापूत एकत्र येतात. #इतिहास

२/ हिंगोली जिल्ह्याच्या औंढा नागनाथ तालुक्यातले शिरड शहापूर मल्लिनाथांच्या जैन क्षेत्रासाठी परिचित आहे. त्याच तालुक्यात औंढ्याचे नागनाथ मंदिर. त्याच जिल्ह्यात नरसी, म्हणजे नामदेवांचे जन्मगाव मानले जाणारे स्थान. शेजारी नांदेड, १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी तेथे ग्रंथालाच गुरुपद दिले. एकाच मुलखात नामदेवांचे अभंगही गायले जातात आणि पदेही.

३/ परंपरेनुसार नामदेवांचा काळ १२७० ते १३५०. ज्ञानेश्वरांच्या समाधीनंतर (१२९६) ते उत्तरेत गेले आणि पंजाबातील घुमान येथे दीर्घकाळ राहिले. गुरू अर्जनदेवांनी १६०४ मध्ये सिद्ध केलेल्या आदिग्रंथात त्यांच्या नावाची ६१ पदे आहेत.

४/ एक पक्ष म्हणतो, कवी दोन असावेत. गाथेत विटेवरच्या विठ्ठलाशी लडिवाळ भांडण आहे. ग्रंथातील पदांत मूर्तिपूजेची परखड चिकित्सा आहे. तिथला कवी स्वतःला ‘छीपा’, म्हणजे कापडावर छपाई करणारा, म्हणवतो. मराठी नामदेव तर शिंपी.

५/ काळाचाही प्रश्न आहे. रा. गो. भांडारकरांना नामदेवांच्या अभंगांची मराठी ज्ञानेश्वरीहून बरीच अर्वाचीन वाटली. म्हणून त्यांनी नामदेवांना ज्ञानेश्वरांनंतर सुमारे शतकभराने ठेवले. हे मान्य केले, तर दोघांच्या सहवासाची सारी परंपराच डळमळते.

६/ उत्तर असे दिले जाते : ज्ञानेश्वरी हा पोथीत जपलेला ग्रंथ, एकनाथांनी १५८४ मध्ये तिची पाठशुद्धी केली. अभंग मात्र कीर्तनात जगले. गाणाऱ्याच्या तोंडी प्रत्येक पिढीत भाषा नकळत बदलत गेली. त्यामुळे आज दिसणाऱ्या भाषेवरून कवीचा काळ ठरवणे धोक्याचे.

७/ पदांमधील पुरावाही बोलका आहे. ग्रंथसाहिबातला हा ‘निर्गुणी’ कवी विठ्ठलाचे नाव घेतोच. तेथे ते ‘बीठल’ असे उमटते. काही क्रियापदांचा ‘ला’कारान्त भूतकाळही मराठी कानाला ओळखीचा वाटतो.

८/ शिवाय निर्गुणाचे बीज पंजाबातच रुजले, असे का मानावे? मराठी परंपरेत नामदेवांचे गुरू विसोबा खेचर औंढ्याला भेटतात, तेही पिंडीवर पाय ठेवून निजलेले. ‘देव नाही अशी जागा दाखव, तिथे पाय ठेवतो’ हा त्या कथेचा आशय. मूर्तीच्या मर्यादेचा धडा या कथेने औंढ्यातच दिलेला आहे.

९/ आणखी एक दुवा. भक्ताला देवळातून हाकलले आणि देऊळच त्याच्याकडे फिरले, हा प्रसंग ग्रंथसाहिबातील पदात येतो. पदात गावाचे नाव नाही. मराठी परंपरा मात्र तो औंढ्यालाच घडल्याचे सांगते. म्हणजे जातीने दिलेल्या अवमानाची तीच आठवण दोन्ही भाषांनी जपली.

१०/ तरीही सावधगिरी हवी. कथा म्हणजे शिलालेख नव्हे. नामदेवांच्या हातचे एकही पान आपल्यापाशी नाही. सोळाव्या शतकातील विष्णुदास नामा यांच्या रचना गाथेत मिसळल्याचे अभ्यासक दाखवतात. उत्तरेतही गायकांनी पदांत भर घातली असणार.

११/ म्हणून दोन संग्रहांतला फरक हा आधी जपणाऱ्यांच्या निवडीतला फरक आहे. वारकऱ्यांनी पंढरीचा नामा जपला. शीख गुरूंनी आपल्या विचारांशी जुळणारी पदे घेतली. केवळ ६१ पदांवरून कवीचे सारे उत्तरायुष्य मोजणे अन्यायाचे, तसेच गाथेतील प्रत्येक ओळ त्यांचीच मानणेही.

१२/ २०१५ मध्ये ८८वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरले, ते याच आठवणीच्या बळावर. प्रत्येक पदाचे कर्तृत्व सिद्ध करणे कठीण आहे. पण ‘कवी दोनच’ असे म्हणणाऱ्यांना एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागेल : पंजाबच्या पदांत विठ्ठल आला कुठून?