बूलपासून पुढे : गणितातील द्वैताचा इतिहास

‘द्वैत’ म्हटले की आपल्याकडे मध्वाचार्यांची आठवण होते. जीव आणि ईश्वर एक की दोन, हा जुना वाद मनात जागा होतो. गणितात या शब्दाला जो अर्थ आहे तो याहून पुष्कळ साधा आहे. एकाच वस्तूची दोन रूपे असावीत, ती दिसावयास अगदी भिन्न असावीत, आणि तरीही एका रूपाविषयीचे प्रत्येक विधान दुसऱ्या रूपाच्या भाषेत काहीही न सांडता उतरावे, एवढेच गणिती द्वैताचे म्हणणे. परंतु हे ‘एवढेच’ नीट समजावयास शंभराहून अधिक वर्षे लागली. आणि हे भाग्य प्रत्येक रचनेच्या वाट्याला येत नाही, असेही अखेरीस आढळून आले.

या इतिहासाचा आरंभ एका जोडे शिवणाऱ्याच्या मुलापासून होतो. जॉर्ज बूल इंग्लंडातील लिंकन या गावी १८१५ साली जन्मला. विद्यापीठाचे तोंड त्याने विद्यार्थी म्हणून कधी पाहिले नाही. विशीच्या आतच मास्तरकी पत्करून त्याने घर चालविले आणि गणित स्वतःचे स्वतःच आत्मसात केले. १८४७ साली त्याने तर्कशास्त्रावर एक लहानसे पुस्तक प्रसिद्ध केले. त्याचा स्नेही आणि सहानुभूतीचा वाचक होता ऑगस्टस डी मॉर्गन. हा डी मॉर्गन आपल्या देशात, मदुरेस, १८०६ साली जन्मलेला. त्याचा बाप कंपनी सरकारच्या लष्करात होता. १८४९ साली कोणतीही पदवी नसलेल्या बूलला आयर्लंडातील कॉर्कच्या कॉलेजात गणिताचे प्राध्यापकपद मिळाले, आणि १८५४ साली त्याचा विचारांच्या नियमांवरील मोठा ग्रंथ बाहेर पडला.

बूलची कल्पना सांगावयास सोपी आहे. बागेतील फुलांतून तांबडी फुले निवडा. निवडलेल्या ढिगातून पुन्हा तांबडी निवडा. ढीग तोच राहील. निवडण्याच्या क्रियेला ‘अ’ म्हटले, तर अ × अ = अ. नेहमीच्या अंकांत हे समीकरण केवळ दोघांनाच लागू पडते, ० आणि १. बूलने हेच अ(१ − अ) = ० असे मांडले आणि त्याला द्वैताचा नियम असे नाव दिले. कोणतीही वस्तू वर्गाच्या आत असेल किंवा बाहेर असेल, दोन्हीकडे असणार नाही, एवढाच त्याचा तेथे अर्थ होता. आपण ज्या द्वैताविषयी बोलत आहोत ते हे नव्हे. पण त्याचे बीज येथेच आहे, कारण ० आणि १ ही जोडीच या सर्व कथेची नायिका आहे. बूल १८६४ साली भर पावसात चालत कॉलेजात गेला, ओल्या कपड्यांनिशी व्याख्यान दिले, आणि फुफ्फुसदाहाने वारला. वय अवघे एकोणपन्नास.

बूलचे नियम पाळणारी रचना फुलांच्या ढिगांचीच असली पाहिजे असे नाही. आपल्या शाळकरी लसावि-मसाविमध्येही ती दडलेली आहे. ३० चे विभाजक घ्या : १, २, ३, ५, ६, १०, १५, ३०. येथे मसावि ‘आणि’चे काम करतो, लसावि ‘किंवा’चे, आणि ३० ला त्या विभाजकाने भागणे हे ‘नाही’चे. बूलचे सर्व नियम येथे तंतोतंत लागू पडतात. आता प्रत्येक विभाजकाला तीन प्रश्न विचारा : तुला २ ने भाग जातो का? ३ ने? ५ ने? ६ चे उत्तर येईल होय, होय, नाही. १० चे होय, नाही, होय. तीन प्रश्नांची होय-नाही अशी उत्तरे आठच प्रकारे देता येतात, आणि विभाजकही आठच आहेत. एकही उत्तर वाया जात नाही आणि कोणत्याही दोघांची उत्तरे सारखी येत नाहीत. आठ घटकांची सगळी रचना तीन बिंदूंत सामावली!

पण हेच तीन प्रश्न का? ‘तुला ६ ने भाग जातो का?’ हा प्रश्न का नको? कारण २ त्याला ‘नाही’ म्हणतो, ३ ‘नाही’ म्हणतो, परंतु त्यांचा लसावि ६ मात्र ‘होय’ म्हणतो. ‘किंवा’चा नियम मोडला. नियम न मोडणारे प्रश्न मोजून तीनच निघतात, आणि तेच या रचनेचे बिंदू. हीच गोष्ट कोणत्याही सांत, म्हणजे मोजून संपणाऱ्या, बूलीय रचनेविषयी खरी आहे. म्हणून अशा रचनेत घटक २, ४, ८, १६ असेच असावयाचे; सहा किंवा दहा घटकांची बूलीय रचना शोधणाऱ्याने आपला वेळ वाचवावा. वीस बिंदू हाती असले की १०,४८,५७६ घटकांच्या रचनेची किल्ली आपल्या खिशात आली.

आता बाजू उलटून पाहा. २ हा ६ ला प्रश्न विचारतो असे आपण म्हटले. पण ६ हाच २, ३, ५ यांना ‘तू माझ्यात आहेस का?’ असे विचारतो, असेही म्हणता येईल. उत्तर तेच. घटक बिंदूंना तपासतात आणि बिंदू घटकांना. दोन्हीकडून उत्तर ० किंवा १ असेच येते. एका बाजूस ही जोडी सर्वांत लहान बूलीय रचना म्हणून उभी असते, दुसऱ्या बाजूस नुसती दोन बिंदूंची जोडी म्हणून. द्वैताचे मर्म माझ्या मते या उभयवेशी जोडीत आहे.

सांत रचनांपुरते हे सोपे. अनंताच्या प्रांतात मात्र पाय घसरतो. ज्यांत मोजक्याच संख्या आहेत, किंवा ज्यांतून मोजक्याच संख्या वगळल्या आहेत, असे १, २, ३... यांचे गट घ्या. ‘तुझ्यात ५ आहे का?’ असे प्रश्न येथे चालतातच. पण आणखी एक प्रश्न नियमांत बसतो : ‘तू अनंत आहेस का?’ हा प्रश्न कोणत्याही संख्येचा नव्हे. म्हणजे सर्व संख्यांपलीकडे एक जास्तीचा बिंदू निघाला, आणि सगळ्या संख्या जणू त्याच्याकडे सरकत असतात. बिंदूंची नुसती मोजदाद पुरत नाही. कोण कोणाच्या जवळ आहे हेही सांगावे लागते. म्हणजेच बीजगणिताला संस्थितिविज्ञानाचा आधार घ्यावा लागतो.

हे ओळखणारा गणिती मार्शल स्टोन. तो १९०३ साली न्यूयॉर्कला जन्मला. त्याचे वडील हार्लन स्टोन पुढे अमेरिकेचे सरन्यायाधीश झाले. हा तर्कशास्त्रातला माणूस नव्हे. अनंत मितींच्या अवकाशातील क्रियांवर त्याने १९३२ साली मोठा ग्रंथ लिहिला होता, आणि त्या कामातूनच तो बूलकडे वळला. १९३६ आणि १९३७ सालच्या त्याच्या दोन निबंधांनी प्रत्येक बूलीय रचनेला तिचा बिंदूंचा अवकाश मिळवून दिला आणि त्या अवकाशातून ती रचना जशीच्या तशी परत मिळते हेही दाखविले. पुढे शिकागो विद्यापीठाचा गणित विभाग त्याने असा काही उभारला की त्या काळाला लोक त्याच्या आडनावावर कोटी करून ‘पाषाणयुग’ म्हणू लागले. त्याला प्रवासाचा मोठा षोक होता. १९८९ च्या जानेवारीत तो वारला, तोही मद्रास येथे.

याच सुमारास इतर दिशांनीही हा विचार चालला होता. रशियात लेव्ह पोंत्रियागिन याने १९३४ साली क्रमनिरपेक्ष गटांचे द्वैत मांडले. चौदाव्या वर्षी स्टोव्हचा भडका उडून हा मुलगा आंधळा झाला होता. त्याच्या आईने त्याला गणिताची पुस्तके वाचून दाखविली. तिकडे अमेरिकेत गॅरेट बर्कहॉफने ‘नाही’ची अट काढून टाकली. १२ चे विभाजक घ्या : १, २, ३, ४, ६, १२. प्रश्न तीनच : २ ने भाग जातो का, ४ ने, ३ ने. उत्तरांचे प्रकार आठ. पण ४ ला ‘होय’ म्हणून २ ला ‘नाही’ म्हणणारी दोन उत्तरे अशक्य. उरली सहा, आणि विभाजकही सहाच! येथे बिंदू सुटे नाहीत. २ हा ४ च्या खालच्या पायरीवर आहे. पायऱ्यांचा हा क्रम सांगितला की रचना परत मिळते. सांत रचनांसाठी बर्कहॉफने हे १९३७ साली दाखविले. अनंत रचनांसाठी क्रम आणि जवळीक यांची सुरेख सांगड ऑक्सफर्डच्या हिलरी प्रीस्टली यांनी १९७० साली घातली.

एवढी उदाहरणे जमल्यावर कोणीतरी विचारणारच : हा योगायोग की नियम? कोणतीही सांत बैजिक रचना घ्यावी, तिच्याच घटकांना क्रमाचा किंवा संबंधांचा दुसरा वेष चढवावा, आणि तिच्यापासून निघणाऱ्या सर्व रचना त्या आरशात पाहाव्यात, असे करता येईल काय? ब्रायन डेव्ही आणि हाइनरिख वेर्नर यांनी १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात या प्रश्नाला सर्वसाधारण रूप दिले. १९९८ साली डेव्ही आणि डेव्हिड क्लार्क यांचा या विषयावरील ग्रंथ निघाला. त्यांच्या सिद्धांतांनी पुष्कळांची सोय लागली. लसावि-मसावि यांच्यासारख्या दोन क्रिया असलेल्या प्रत्येक सांत जालकाला असा आरसा मिळतो.

आणि ज्याला मिळत नाही असे उदाहरण मोठे चमत्कारिक आहे. पुन्हा तीच ० आणि १ ची जोडी घ्या, आणि तिच्यावर एकच क्रिया ठेवा : ‘जर... तर’. एवढ्यावरूनही ‘किंवा’ तयार करता येते, १ मिळतो; पण ० चे नाव घ्यावयास काही साधन उरत नाही. या दोन घटकांच्या दरिद्री रचनेला कोणताही वेष चढविला, शक्य ते सर्व संबंध लादले, तरी तिच्यापासून निघणारी एखादी अनंत रचना आरशातून परत येतच नाही, हे सिद्ध झालेले आहे. तिला केवळ ० चे नाव उच्चारण्याची मुभा द्या. मग ‘जर अ तर ०’ म्हणजेच ‘अ नाही’. ‘नाही’ आले की ‘आणि’ आले, बूलची सगळी रचना हाती आली, आणि स्टोनचा आरसा लागलीच उजळला.