घोड्याचे पोट आणि पावसाळ्याची बेगमी

शिवाजी महाराजांच्या घोडदळाच्या मोहिमा आपण वर्गात शिकवतो. पण ही घोडी खात काय होती, हा प्रश्न सहसा निघत नाही. १६७३-७४ च्या सुमारास चिपळूणच्या छावणीतील जुमलेदार, हवालदार व कारकुनांना महाराजांनी लिहिलेले पत्र या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा-वैरण आताच मनमानेल तशी वापरली, तर पुढे काही मिळणार नाही. घोडी उपाशी मरतील आणि लष्कर रयतेचे धान्य, गवत, भाजीपाला ओरबाडू लागेल, असा इशारा त्यात आहे. चुली आणि दिव्यांपासून गवत जपण्याचीही ताकीद आहे.

यामागचे गणित पाहा. घोड्याला रोज वजनाच्या सुमारे दोन टक्के सुका आहार लागतो. ३०० किलोच्या घोड्याला ६ किलो. म्हणजे हजार घोड्यांना चार महिन्यांत सुमारे ७२० टन!

गवत संपले तर नुसता दाणा घालून भागत नाही. घोडा रवंथ करत नाही. त्याचे जठर लहान असते. गवतातील तंतू अंधांत्रात व मोठ्या आतड्यात सूक्ष्मजीव कुजवतात. एकदम जास्त दाणा दिल्यास न पचलेला स्टार्च तेथे पोचतो, आम्ल वाढते, पोटशूळ उठतो, खुरांच्या आत सूज येते. प्रसंगी घोडा दगावतो. म्हणून खाद्य थोडे थोडे द्यावे आणि बदल आठ-दहा दिवसांत हळूहळू करावा. इंग्रजीत ज्यांना 'हॉर्स ग्रॅम' म्हणतात ते हुलगे शिजवून देण्याची जुनी पद्धतही योग्यच. शिजवल्याने प्रथिनांच्या पचनात अडथळा आणणारे घटक निकामी होतात.

दुसरा धोका बुरशीचा. इगतपुरी-त्र्यंबककडच्या पावसात गवत सहज दमट होते. त्यातील धूळ व बुरशीच्या बीजाणूंची अॅलर्जी होऊन घोडा खोकतो, धापा टाकतो. अंगावर गांधी उठल्या की 'दाणा बाधला' असे म्हटले जाते. पण खाद्याची खरी अॅलर्जी घोड्यांत क्वचितच आढळते. बुरशीचे गवत टाकून द्यावे, धुळीचे भिजवून घालावे.

पचनातील सूक्ष्मजीवांचे काम त्या काळी कोणालाच माहीत नव्हते. तरी साठा पुरवून वापरण्याच्या एका नियमाने घोडाही वाचत होता आणि शेतकरीही. आपल्या गावातील गुरांना उन्हाळ्याचे चार महिने किती वैरण लागेल, हा हिशेब विद्यार्थ्यांकडून जरूर करून घ्यावा.