वाळूच्या पुढची गोष्ट

मी कवितेचा माणूस, पदवीही साधी बी.ए.ची. पण आमच्या धायरीत शेतं जाऊन इमारती उभ्या राहिल्या, तेव्हा पडलेले वाळूचे ढीग पाहताना मला संगणक आठवायचा. या वाळूत असणारं सिलिकॉन हेच चिपचं मूलद्रव्य. त्याहून वेगवान पदार्थ सापडला, तर सिलिकॉनचं राज्य जाईल का?

खरं तर सिलिकॉन हा पहिला राजा नव्हेच. १९४७ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत पहिला ट्रान्झिस्टर बनला, तो जर्मेनियमचा. जर्मेनियममधून इलेक्ट्रॉन अधिक चपळाईनं धावतात, पण तापलं की त्याचं काम बिघडतं. सिलिकॉन उष्णता सोसतं, मुबलक मिळतं आणि त्याच्यावर ऑक्साइडचा वीजरोधक थर सहज चढतो. सशानं शर्यत गमावली ती अशी.

पुढे गॅलियम आर्सेनाइड आलं. त्यात इलेक्ट्रॉनची चपळाई सिलिकॉनच्या सुमारे सहापट. महासंगणकांचे जनक सेमूर क्रे यांनी त्यावर भिस्त ठेवून क्रे-३ बांधला. पण हा पदार्थ महाग आणि ठिसूळ. १९९३ साली एकच यंत्र एका संशोधन संस्थेत पोचलं आणि १९९५ साली कंपनीचं दिवाळं निघालं.

त्याच काळात आपल्या पुण्यात काय चाललं होतं? १९८०च्या दशकात भारतानं मागितलेला क्रे महासंगणक द्यायला अमेरिकेनं नकार दिला होता. म्हणून १९८८ साली पुण्यात ‘सी-डॅक’ची स्थापना झाली. डॉ. विजय भटकर आणि त्यांचे सहकारी नव्या पदार्थाची वाट पाहत बसले नाहीत. बाजारात मिळणाऱ्या सिलिकॉनच्याच चिप्स त्यांनी एकमेकींना जोडल्या आणि काम वाटून दिलं. १९९१ साली ‘परम ८०००’ तयार झाला. एका बैलाला न ओढणारी मोट चार बैल ओढतात, तसंच हे.

म्हणून पदार्थांचा शोध थांबवावा का? मुळीच नाही. ट्रान्झिस्टर आता इतके बारीक झाले आहेत की वीज गळते आणि उष्णता साचते. २०१९ साली अमेरिकेतल्या एमआयटीत कार्बनच्या सूक्ष्म नळ्यांचा, चौदा हजारांहून अधिक ट्रान्झिस्टर असलेला प्रोसेसर चालवून दाखवला गेला. कार्बन म्हणजे आपल्या काजळाचाच भाऊबंद. मोडी दफ्तरं आणि फारसी फर्मानं ज्या काजळाच्या शाईनं लिहिली गेली, तेच मूलद्रव्य आता हिशेब मांडू लागलं आहे.

आणि हरलेले पदार्थही वाया जात नाहीत. गॅलियम आर्सेनाइड आज मोबाइलमध्ये संदेशाच्या लहरींना बळ देतं. जर्मेनियम सिलिकॉनमध्ये मिसळून पुन्हा चिपमध्ये आलं आहे. तेव्हा नव्या पदार्थाची बातमी वाचली की तो किती वेगानं धावतो, एवढंच विचारू नका. तो किती तापतो, केवढ्याला पडतो आणि लाखोंनी घडवता येतो का, हेही विचारा. सिलिकॉन जिंकलं ते याच प्रश्नांच्या उत्तरांवर.