ग्वाल्हेर प्रदेशातील मधमाश्या

ग्वाल्हेर परिसरात दिसणारा मोठा काळा भुंगा हा वस्तुतः लाकूड पोखरून घर करणारा कीटक असून, केसाळ भ्रमर (बम्बलबी) भारतात मुख्यतः हिमालयात आढळतात. या दोहोंपासून येथे मध मिळत नाही; येथील मधाचा इतिहास म्हणूनच मधमाश्यांचा आहे. कड्यांना आणि उंच वास्तूंना एकच उघडे पोळे टांगणारी आग्या माशी पेटीत नांदत नाही, त्यामुळे तिचा मध काढण्याची जुनी रीत रात्री पलित्याने माश्या हुसकावून, पोळे अळ्यांसकट पिळून घेण्याची होती, आणि तीत बहुधा वसाहतच उद्ध्वस्त होई. १९६२च्या सुमारास कांगड्यातील नगरोटा बगवान येथे युरोपीय मेलिफेरा माशी रुजवली गेल्यावर उत्तरेतील पेटीपालनाला बळ आले, आणि पुढे ग्वाल्हेरलगतच्या मुरैना-भिंडच्या मोहरीपट्ट्यात थंडीच्या फुलोऱ्याबरोबर पेट्यांच्या रांगा लागू लागल्या. मोहरीचा मध लवकर रवाळ होऊन थिजतो. गिऱ्हाईक मात्र त्यालाच भेसळ समजते. पेटीतल्या वसाहतींना माशीच्या व अळ्यांच्या अंगावर जगणारा वरोआ हा सूक्ष्म परजीवी छळतो, परंतु मोहरीवरील मावा या किडीविरुद्ध भर दुपारी, फुलांवर माश्या असताना होणारी विषारी फवारणी अधिक अक्षम्य मानावी लागेल, कारण ती सायंकाळवर ढकलणे शेतकऱ्याच्या हाती असते.